स्प्रूसच्या झाडापासून गिटारच्या टॉपपर्यंत : नागपुरात पहिली गिटार बनवायला घेणाऱ्यांसाठी

गिटारचा आवाज नेमका कुठून येतो, याचं उत्तर स्पेनच्या आंतोनिओ दे तोरेस या कारागिराने १८६२ साली देऊन ठेवलं आहे. त्याने एक गिटार बनवली. पाठ आणि बाजू पुठ्ठ्याच्या, वरची पाटी तेवढी स्प्रूसची, म्हणजे थंड प्रदेशातल्या एका सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची. आवाज पाटी देते, बाकीचं खोकं तिला साथ करतं, हे त्याला दाखवायचं होतं. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. म्हणून पहिली गिटार करायला घेताना पैसा आणि लक्ष आधी या पाटीवर, म्हणजे टॉपवर घाला.

स्प्रूस विदर्भात उगवत नाही. लाकूड कळणारी माणसं मात्र नागपुरात भरपूर आहेत. लकडगंजात सागवान चिरलं-विकलं जातं, दिल्लीच्या नव्या संसद भवनातलं सागवानही नागपूरहून गेलेलं आहे. पण सागवान बघायची नजर स्प्रूसला अर्धीच पुरते. दाराच्या चौकटीसाठी आपण टिकाऊपणा, रंग, कीड आणि गाठी बघतो. टॉपमध्ये या सगळ्याच्या वर एक गोष्ट असते : लाकडाचे तंतू पाटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग जातात, की मध्येच तुटतात? हे झाड निवडताना, पाडताना आणि फाडताना ठरून जातं. नंतर कितीही रंधा मारा, कितीही पॉलिश करा, त्यात बदल होत नाही. झाड तुमच्या हातून पडणार नसलं तरी ते कसं पडतं आणि कसं फाडतात हे तुम्हाला ठाऊक हवं, कारण विकणाऱ्याला विचारायचे प्रश्न त्यातूनच निघतात.

१. कुठलं स्प्रूस घ्यायचं

इथे फार वेळ घालवू नका. सिटका स्प्रूस उत्तर कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंतच्या पॅसिफिक किनाऱ्यावर वाढतं. झाडं प्रचंड असतात, त्यामुळे रुंद पाट्या मिळतात आणि किंमतही आवाक्यात राहते. युरोपियन स्प्रूस आल्प्समधून येतं. इटलीतल्या व्हाल दी फिएम्मे खोऱ्याजवळचं पानेवेज्जो जंगल तर व्हायोलिनचं जंगल म्हणूनच ओळखलं जातं. (ऑक्टोबर २०१८ च्या वादळात त्या भागात लाखो झाडं आडवी झाली.) रॉकी पर्वतातलं एंगेलमन हलकं आणि मऊ असतं. अमेरिकेच्या पूर्वेकडचं रेड स्प्रूस ताठ, गुणी आणि महाग. आपल्या पश्चिम हिमालयातही स्प्रूस आहे, तिकडे त्याला राई म्हणतात. एके काळी सफरचंदांच्या पेट्या त्याच्याही होत असत.

पहिल्या गिटारला मध्यम प्रतीचं सिटका घ्या. सर्वात वरची प्रत बहुतेक वेळा रंग आणि रेषांचा एकसारखेपणा बघून ठरवतात. तंतू सरळ असलेली पण रंगात थोडी डावी पाटी मधल्या प्रतीत कमी पैशात मिळते, आणि वाजायला ती मुळीच डावी नसते.

२. उभं झाड कसं वाचतात

टॉप दोन पाट्या जोडून होतो. मोठ्या आकाराच्या स्टील-स्ट्रिंग गिटारची खालची रुंदी ४० सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणजे प्रत्येक पाटी निदान २० सेंटिमीटर रुंद हवी. ही रुंदी गाभ्याकडून सालीकडे मोजायची. त्यातून अगदी मधला, झाडाच्या कोवळेपणीचा भाग टाकून द्यावा लागतो, सालीलगतचाही थोडा जातो. हिशेब केला तर ६० सेंटिमीटर व्यासाखालच्या झाडातून काहीच निघत नाही. खरं काम ८०–१०० सेंटिमीटर आणि त्यापुढच्या झाडांत होतं. वर्षवलयांमधलं अंतर दीड मिलिमीटर धरलं तर २० सेंटिमीटरच्या पाटीत सुमारे १३३ वर्षांची वाढ येते. पाटी हातात घेताना हा आकडा आठवावा. इतक्या वर्षांच्या वाढीवर घाईने करवत चालवण्याचा हक्क आपल्याला नाही, असं मला मनापासून वाटतं.

पारखी माणूस आधी बुंध्याचा खालचा भाग बघतो. तिथे फांद्या नकोत, कारण फांदी म्हणजे गाठ, आणि गाठीभोवती तंतू वळसा घेतात. मग झाड कलतं आहे का ते बघतात. उतारावर वाढलेलं किंवा वाऱ्याने कललेलं सूचिपर्णी झाड खालच्या बाजूला रुंद, गडद वलयांचं वेगळंच लाकूड तयार करतं. ते लांबीच्या दिशेने आकसतं, आणि त्याची पाटी वाळताना वाकडी होते. तोल सांभाळत उभं राहिलेलं झाड दिसायला कितीही देखणं असलं तरी टॉपसाठी बाद.

सर्वात अवघड पारख पिळाची. पुष्कळ झाडांत तंतू सरळ वर न जाता बुंध्याभोवती वळत चढतात. कोवळेपणी एका बाजूला पीळ, पुढे हळूहळू दुसऱ्या बाजूला, असंही होतं. स्प्रूसची साल खवल्यांसारखी निघते, त्यामुळे तिच्यावरून पीळ सहज कळत नाही. वाळलेल्या उभ्या झाडावर भेगा पडलेल्या असतात, त्या सरळ आहेत की तिरप्या हे लांबूनही दिसतं. जिवंत झाडाच्या सालीचा लहानसा तुकडा काढून आत अणकुचीदार टोकाने रेघ ओढली तर टोक तंतूंच्या वाटेने सरकतं. सगळं जंगल फिरून हाती लागणारी झाडं थोडीच असतात, आणि चांगल्या टॉपच्या किमतीत न पाडलेल्या झाडांची ही शोधाशोधही मोजलेली असते.

जुनी उभी झाडं तोडण्यावर आक्षेप आहेत, आणि ते योग्यच आहेत. म्हणून वादळात पडलेल्या किंवा उभ्यानेच वाळलेल्या झाडांचं लाकूड विकणारे शोधा. लाकूड वेळेवर उचललेलं असेल तर आवाजात उणं पडत नाही.

३. पाडणं

हे काम वाचून शिकायचं नाही. मीटरभर व्यासाचं झाड पाडणं हा जिवावरचा व्यवसाय आहे आणि त्याला रीतसर शिक्षण लागतं. तुम्हाला समजून घ्यायच्या गोष्टी दोनच.

पहिली, हंगाम. आल्प्समध्ये झाडं थंडीत पाडण्याची जुनी रीत आहे. बुरशी आणि किडे तेव्हा झोपलेले असतात, ओंडका सावकाश वाळतो, आणि बर्फावरून ओढून नेताना मार कमी बसतो. काही जण चंद्राच्या कला बघूनही झाड पाडतात. थंडीची कारणं मात्र चंद्र न बघणाऱ्यांनाही पटण्यासारखी आहेत.

दुसरी, पडण्याची जागा. मोठं झाड दगडावर किंवा दुसऱ्या खोडावर आपटलं तर आतले तंतू दबून तुटतात. आडव्या, केसासारख्या सुरकुत्या पडतात. त्या कच्च्या पाटीत सहज दिसत नाहीत, पॉलिश चढल्यावर उठून दिसतात. म्हणून पडणाऱ्या झाडाखाली फांद्यांचं किंवा बर्फाचं अंथरूण करतात.

४. फाडणं : खरी परीक्षा इथे

पडलेल्या खोडाचे ५५–६० सेंटिमीटर लांबीचे ठोकळे करतात. पुढे दोन वाटा आहेत. एक आरा मशीनची : सरळ चिरत जायचं, तंतू कुठे जातात ते बघायचं नाही. दुसरी पाचरीची : ठोकळ्याच्या तोंडावर गाभ्यातून जाणारी रेघ धरून पाचर ठोकायची, तो आपणहून जिथे उघडेल तिथे उघडू द्यायचा, मग अर्ध्याचे पाव, पावाचे त्याहून बारीक तुकडे करायचे. पाचर तंतूंच्या मधून वाट काढते, तंतू तोडत नाही. त्यामुळे फाटलेली बाजू तंतूंची खरी दिशा दाखवते. नंतर करवत लावायची ती त्या फाटलेल्या बाजूला समांतर. चांगला टॉप असाच मिळतो.

फाटलेल्या तुकड्याच्या दोन्ही टोकांवर एकेक सरळ पट्टी आडवी ठेवा आणि एका पट्टीच्या वरून दुसरीकडे बघा. पट्ट्या समांतर असतील तर पीळ नाही. एक पट्टी तिरपी दिसली तर तेवढा पीळ त्या झाडात होता. आपले सुतार फळीचा वाक असाच बघतात, त्यामुळे नवीन हत्यार काही लागत नाही.

थोडा तिरपेपणा आला तर एवढं काय बिघडतं, असं नवखा विचारतो. गणित करून बघा. टॉपची जाडी ३ मिलिमीटर. तंतू पाटीच्या पृष्ठभागाशी फक्त २ अंशांचा कोन करतात असं समजा. मग खालून निघालेला तंतू सुमारे ८६ मिलिमीटर जाऊन वरच्या बाजूला संपतो. पाटी अर्धा मीटर लांब, आणि तंतू नऊ सेंटिमीटरही सलग नाही! याला गिटारवाले रनआउट म्हणतात. सहा पोलादी तारांचा एकूण ताण ७० किलोच्या आसपास असतो आणि तो सगळा ब्रिजवर, म्हणजे टॉपवर चिकटवलेल्या तारा अडकवायच्या पट्टीवर येतो. तंतू तुटके असतील तर ब्रिज उचलला जाताना लाकडाची पापुद्री घेऊनच निघतो. शिवाय अशा लाकडात तेवढ्याच ताठपणासाठी जाडी जास्त ठेवावी लागते, आणि जाडीबरोबर वजन वाढून आवाज दबतो.

हे हाताला कळावं म्हणून महागडं लाकूड हवंच असं नाही. पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन किंवा देवदाराचा बिनगाठीचा तुकडा लकडगंजातून आणा. एकाच तुकड्याचा अर्धा भाग चिरा आणि अर्धा पाचर-मोगरीने फाडा. दोन्हींच्या ५ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या काढून हाताने वाकवा. चिरलेली पट्टी बहुधा आधी मोडते, तीही तिरपी. हे एकदा हातात मोडलं की पुढचं सगळं समजतं.

५. वाळवणं

ओल्या लाकडाचं टोक बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने वाळतं आणि आधी तडकतं, म्हणून ठोकळे पाडल्या दिवशीच टोकांना मेण किंवा जाड रंग लावतात. उबदार हवेत ओंडका तसाच पडून राहिला तर निळसर बुरशी धरते. ताकदीवर तिचा फारसा परिणाम होत नाही, पण टॉपची किंमत पडते. पाट्या चार-साडेचार मिलिमीटरच्या चिरून झाल्या की मधे बारीक पट्ट्या देत रचतात आणि सावलीत, वाऱ्यावर वाळू देतात. लाकडातली ओल ३० टक्क्यांच्या खाली गेल्यावर आकसणं सुरू होतं. गिटार बांधताना ती ८ टक्क्यांच्या आसपास हवी.

हल्ली भाजलेले टॉपही मिळतात. प्राणवायू नसलेल्या भट्टीत तापवल्यामुळे ते हवेतली ओल कमी ओढतात, आणि नागपूरसाठी हा गुण चांगलाच आहे. पण ते ठिसूळ असतात. पहिल्या गिटारला घेऊ नका.

६. मागवताना काय विचारायचं

ठोकळा फाडून मग चिरला होता का, हा पहिला प्रश्न. झाड उभं तोडलेलं की पडलेलं, कधी चिरलं, किती दिवस वाळलं, हे पुढचे. दोन्ही पाट्या पुस्तकासारख्या उघडून, एकाच बाजूने प्रकाश टाकून काढलेला फोटो मागा. एक पाटी उजळ आणि दुसरी काळपट दिसत असेल, आणि त्याच उजेडात पाट्या उलट्या फिरवून काढलेल्या दुसऱ्या फोटोत उजेड-अंधाराची अदलाबदल होत असेल, तर रनआउट आहे. फोटो पाठवायला टाळाटाळ करणाऱ्याकडून घेऊ नका.

स्प्रूस साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत नाही. शिसवीची गोष्ट वेगळी. पाठ-बाजूंसाठी शिसवी वापरणार असाल तर तिची संपूर्ण प्रजात २ जानेवारी २०१७ पासून साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे हे ध्यानात ठेवा, आणि बिलं जपून ठेवा. परदेशातून येणाऱ्या लाकडाला वनस्पती-आरोग्याची कागदपत्रं लागू शकतात, म्हणून पैसे भरण्याआधी विकणाऱ्याशी आणि कुरियरवाल्याशी बोलून घ्या. भारतातल्याच एखाद्या लुथिअरकडून (गिटार बनवणाऱ्या कारागिराकडून) किंवा विक्रेत्याकडून आधीच आयात झालेला संच घेणं पहिल्या वेळी सोपं जातं.

७. पाटी हातात आल्यावर

टोकाकडून बघा. वलयं पाटीच्या पृष्ठभागाला काटकोनात, म्हणजे उभी दिसायला हवीत. पृष्ठभागावर वलयांना आडवी छेदणारी रेशमी झाक दिसली तर पाटी बरोबर गाभ्याकडून सालीकडे चिरलेली आहे. राळेचे खिसे, गडद रुंद वलयं आणि आडव्या सुरकुत्या तिरप्या उजेडात शोधा. कडेच्या फेकायच्या भागातून बोटभर पट्टी पटाशीने फाडून तंतूंची दिशा स्वतः तपासा. विकणाऱ्याने काहीही सांगितलं असलं तरी शेवटचा शब्द या पट्टीचा.

मग वजन करा. ५५ × २१.५ सेंटिमीटरची, ४ मिलिमीटर जाडीची पाटी म्हणजे ४७३ घनसेंटिमीटर. ती १८९ ग्रॅम भरली तर घनता ०.४० येते, आणि स्प्रूससाठी हा उत्तम आकडा आहे. ०.३८ ते ०.४५ मधलं बहुतेक चालतं. सागवान ०.६५ च्या आसपास असतं, त्यावरून स्प्रूस इतकं हलकं असूनही ७० किलोचा ताण कसं पेलतं याचं नवल वाटावं. १९०३ मध्ये राइट बंधूंनी विमानाचा सांगाडा स्प्रूसचाच केला होता, त्यामागेही वजनाच्या मानाने मिळणारा हा ताठपणाच होता.

बोटांनी पाटी टोकापासून पाव लांबीवर हलकेच धरून मध्ये टिचकी मारा. स्वच्छ, लांबणारा नाद आला तर चांगलं. पण नवख्याने नादावर फार विसंबू नये. तो कान दहा-वीस पाट्या ऐकल्यावर तयार होतो. वजन आणि फाटलेली पट्टी पहिल्या दिवसापासून खरं बोलतात.

८. नागपूरची हवा

आल्प्समध्ये लिहिलेली पुस्तकं वाचून नागपुरात गिटार बांधली तर ती पहिल्याच उन्हाळ्यात तडकू शकते. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांवर जातो, दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्के किंवा त्याहूनही खाली उतरते, आणि लाकडातली ओल ५ टक्क्यांकडे येते. ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास राहते, लाकूड १६ टक्क्यांपर्यंत ओल पितं. सिटका स्प्रूसची उभ्या वलयांची पाटी ओलीच्या दर एका टक्क्याला रुंदीच्या सुमारे ०.१५ टक्के हलते. टॉप ४० सेंटिमीटर रुंद, फरक ११ टक्क्यांचा, म्हणजे मोकळी पाटी मे ते ऑगस्ट सहा मिलिमीटरच्या वर फुगते. तिच्या पाठीमागे आडव्या ब्रेसिंगच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात आणि त्या लांबीला हलत नाहीत. मग ऑगस्टमध्ये चिकटवलेला टॉप नवतपात आकसतो, जागा मिळत नाही, आणि मधोमध फाटतो.

फुगलेला टॉप वर येतो, तारा उंच होतात, पण पाऊस सरला की तो परत बसतो. आकसून फाटलेला परत जुळत नाही. म्हणून बांधणी कोरड्या बाजूला करायची, ४० ते ४५ टक्के आर्द्रतेत.

आधी चांगला हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारा मापक घ्या आणि तो खरा बोलतो का ते घरीच तपासा. वाटीत मीठ, त्यात ते फक्त ओलं होईल एवढंच पाणी, वाटी आणि हायग्रोमीटर एका घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर. सकाळी आकडा ७५ टक्के दिसायला हवा. ७० दाखवत असेल तर पुढे प्रत्येक वेळी ५ मिळवा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला हंगाम. दिवाळीनंतर हवा हवी तेवढी कोरडी होत जाते, आणि खोली बंद ठेवली तर काम निवांत होतं. टॉप जोडणं, ब्रेसिंग चिकटवणं आणि खोकं बंद करणं ही तीन कामं याच महिन्यांत उरका. पाठ-बाजू वाकवणं, मान घडवणं ही कामं इतर वेळी चालतात.

पावसाळ्यात काम करायचंच असेल तर एक कपाट घ्या आणि खाली जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब लावा. २७ अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची हवा ३७ अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता आपोआप ४५ टक्क्यांवर येते, पाणी काढून घेण्याची गरजच पडत नाही. पाट्या त्यात काही दिवस ठेवा, रोज वजन करा. वजन दोन-तीन दिवस स्थिर राहिलं की लाकूड त्या हवेशी जुळलं. मग बाहेर काढून त्याच दिवशी चिकटवा. बल्ब आणि पाट्या यांच्यात हातभर अंतर ठेवा आणि कपाट एकटं सोडून बाहेर जाऊ नका.

उन्हाळ्यातला खरा धोका कूलरचा. कूलर चालू असलेली खोली थंड वाटते, पण हवा पाण्याने भरलेली असते. दुपारभर कूलरमध्ये काम केलं, संध्याकाळी बंद करून खिडक्या उघडल्या, की काही तासांत लाकूड ओल्यातून भट्टीत जातं. टॉप आणि ब्रेसिंगची खोली कूलरपासून वेगळी ठेवा. जागा एकच असेल तर मे-जूनमध्ये पाट्या जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, हायग्रोमीटरसह बंद करून ठेवा आणि हात त्यांना लावूच नका.

९. ब्रेसिंगचं लाकूड

टॉपच्या पाठीमागच्या पट्ट्याही स्प्रूसच्याच करतात आणि त्या नेहमी फाडलेल्या ठोकळ्यातून काढतात. टॉपमध्ये एखादा अंश रनआउट चालून जातो, इथे नाही. सहा-आठ मिलिमीटर रुंदीच्या पट्टीत तंतू तिरपा असेल तर ती दाबाखाली सरळ चिरते. पट्टीतली वलयं टॉपला काटकोनात उभी ठेवा. टॉपच्या कडेला उरलेले तुकडे फेकू नका, लहान पट्ट्या त्यातूनच होतात आणि लाकूड एकाच झाडाचं राहतं.

प्रत्येक पाटीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारीख, वजन आणि त्या दिवशीची आर्द्रता लिहून ठेवा. गिटार पूर्ण झाल्यावर ती एप्रिल ते जून केसमध्येच ठेवा. सोबत भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला स्पंज ठेवा आणि एक छोटा हायग्रोमीटर. स्पंज घट्ट पिळलेला असावा, पाण्याचा थेंब लाकडाला लागता कामा नये. आकडा ४० च्या खाली गेला की स्पंज पुन्हा भिजवा. नवतपात हे रोजच करावं लागतं.